नकाराची पोच

समाधानरावांनी आयुष्यात कुणाची दमडी बुडवली नव्हती, आणि आता मांजरी गावातल्या नव्या सोसायटीत लिफ्टशेजारच्या फळ्यावर त्यांचं नाव लागलं होतं : थकबाकीदार. गच्चीच्या खर्चाचा हिशोब मागितला, एवढंच काय ते पाप. तेव्हापासून सेक्रेटरी श्रीधरपंत त्यांचा मेंटेनन्सचा चेकच घेईनात. दूधवाल्यानं फळा वाचला, तर तोही आगाऊ पैसे मागू लागला. आता बोला!

सहकार खात्यातले साहेब मान वर न करता म्हणाले, "चेक नाकारल्याचा पुरावा आणा. नाव पुसायला लावतो."

समाधानराव पाय ओढत श्रीधरपंतांकडे गेले. "चेक घेत नाही, एवढं लिहून द्या."

"मी कुठे नाकारला?"

"मग घ्या."

"घेत नाही."

"अहो, तेच लिहून द्या ना!"

"लिहून द्यायला मी बांधील नाही. चहा घेणार?"

चेक रजिस्टर पोस्टानं पाठवला, तर पाकीट 'घर बंद' असा शेरा घेऊन परत आलं. शेजारच्या सीतारामभाऊंना साक्षीला नेलं, तर नेमक्या वेळी त्यांचं लक्ष बिस्किटांत. "मी काही पाहिलं नाही बुवा," म्हणाले. समाधानरावांना अगदी वीट आला. चेक फाडावा आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन पडावं, असं वाटू लागलं.

मुलगी पूर्वा आयटीत. ती म्हणाली, "बाबा, टेन्शन काय घेताय? मी मोबाइलवर फोटो काढते. विषय संपला."

दारातच श्रीधरपंतांनी दोन बोटांनी चेक मागे ढकलला. पूर्वानं तो क्षण टिपला आणि सोसायटीच्या ईमेल ग्रुपवर टाकूनही दिला. मग समाधानरावांनी फोटो पाहिला.

"अगं, यात तर ते चेक घेतायत! तेही हसत हसत!"

संध्याकाळी ऑफिसं सुटली आणि मंडळी श्रीधरपंतांच्या दारात जमली.

"चेक घेतलात, तरी नाव फळ्यावर? पैसे मुरवले कुठे?"

"अहो, मी घेतलाच नाही! परत ढकलत होतो!"

"पुरावा आहे?"

थोड्या वेळानं समाधानरावांची बेल वाजली. दारात घामाघूम श्रीधरपंत, हातात सोसायटीच्या लेटरहेडवर लिहिलेला, शिक्का मारलेला कागद : 'चेक मी नाकारला असून तो सभासदाकडेच आहे.'

"समाधानराव, यावर तेवढी तुमची सही द्या हो. अब्रूचा प्रश्न आहे."

समाधानरावांनी चष्मा लावला. कागद सावकाश, दोनदा वाचला.

"सही करतो की," ते म्हणाले. "पण शिक्का पुसट आलाय. साहेबांना वाचता यायला हवा. पुन्हा मारून आणा."