रस्ता बघून बांधणारे अप्पा

आईचं बिऱ्हाड लातूरहून नांदेडला हलवायचं ठरलं, तेव्हा सामानाच्या आधी शेजारचे अप्पा एकटेच नांदेडला जाऊन आले. सकाळच्या एसटीनं गेले, नांदेडच्या स्टँडवर एक चहा प्याले आणि मिळेल त्या गाडीनं परत फिरले. मी नांदेडलाच राहते, पण माझ्या घरी काही आले नाहीत. आईकडून हे कळल्यावर मी फोनवर जरा रागानंच विचारलं, "अप्पा, इथवर येऊन घरी न येता गेलात? एवढं काय काम होतं?"

"गतिरोधक मोजायचे व्हते," अप्पा म्हणाले.

लातूर ते नांदेड एकूण बासष्ट. त्यातले पट्टे मारलेले नऊ. अहमदपूरच्या पुढे रस्त्याचं काम चालू, आणि लोह्याच्या अलीकडे एक पूल असा, की गाडी आधी बसते आणि मग उडते. हे सगळं त्यांनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून आणलं होतं. बसले होते मुद्दाम शेवटच्या सीटवर, कारण खरा धक्का तिथंच कळतो. मांडीवर पिशवी आणि पिशवीत आईचीच एक कपबशी, कशातही न गुंडाळलेली. ती जिथं जिथं वाजली, ते ठिकाण त्यांनी टिपून घेतलं होतं.

"बाई, सामान बघून कुणीबी बांधतंय," त्यांनी मला समजावलं. "रस्ता बघून बांधायचं असतंय."

अप्पांचं खरं नाव महारुद्रप्पा. मूळचे उदगीरकडचे. लातूरच्या बाजारात एका काचसामानाच्या दुकानात त्यांनी उभी हयात काढली. विक्रीला मात्र मालकानं त्यांना कधी उभं केलं नाही. गिऱ्हाइकानं कप हातात घेतला की अप्पा मागून "सावकाश! सावकाश!" असं ओरडायचे, आणि त्या ओरडण्यानं दचकूनच गिऱ्हाइकाच्या हातून कप पडायचा. म्हणून त्यांची जागा मागच्या गोदामात. आलेल्या पेट्या उघडायच्या, गवतातून कपबश्या काढायच्या, टिचकी मारून ऐकायच्या आणि रेणापूर, औसा, निलंग्याच्या दुकानदारांचा माल पुन्हा बांधून द्यायचा. टिचकीला कप 'टण्ण' म्हणाला तर चांगला. 'ठक्' म्हणाला तर आतून गेलेला.

'ठक्' म्हणणारे कप मालक फेकून द्यायला सांगायचा. अप्पा ते आमच्या गल्लीत आणायचे. त्यामुळं गल्लीतल्या एकाही घरात दोन कप एका जातीचे नव्हते. आमच्याकडे पाहुणे आले की ट्रेमध्ये एक कप गुलाबाचा, एक निळ्या काठाचा, एक नुसता पांढरा आणि एक बिनकानाचा. बिनकानाचा कप घरच्या माणसानं उचलायचा, हा साऱ्या गल्लीचा अलिखित कायदा होता. कपांचा सहाचा संच असतो, हे मला कॉलेजात मैत्रिणीच्या घरी गेल्यावर कळलं. सगळे कप सारखे बघून मला ते घर हॉटेलासारखं वाटलं होतं.

आता ती गल्ली तशी राहिलेली नाही. एकेक जण बंगल्यात, फ्लॅटमध्ये, पुण्याला, हैदराबादला गेला. जाताना प्रत्येकाचा स्वयंपाकघराचा पसारा अप्पांनीच बांधला. बोलावणं आलं तर जायचेच, नाही आलं तरी जायचे. फ्रिज, कपाट, टीव्ही यांच्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. ते म्हणायचे, "ते पडलं तर दबतंय. काच पडली तर जातीय." गल्लीतलं जवळजवळ प्रत्येक घर त्यांनी आपल्या हातानं खोक्यात भरून, सुतळी बांधून पाठवून दिलं होतं. शेवटी आमचं एक राहिलं होतं.

बाबा गेल्यावर आई तिथं तीन वर्षं एकटी राहिली. मग गुडघे गेले, एकदा न्हाणीत पडली, आणि मी हट्टच धरला. लेकीकडे कायमचं राहायला जाणं तिच्या मनाला पटत नव्हतं. शेवटी तयार झाली, पण अट घालून.

"माझ्या चार बरण्या आन् माझ्या कपबश्या मी संगं आणणार. तुझ्या भांड्यात हात घालून जगणार न्हाई मी. आन् त्यातली एक जरी बरणी फुटली, तर काय समजायचं ते मी समजंन. माघारी येईन."

मी हसले. दारात उभे असलेले अप्पा हसले नाहीत.

"अक्का, बरणी फुटणार न्हाई," ते म्हणाले.

दोन दिवसांची रजा काढून मी लातूरला गेले. जाताना मोठ्या हौसेनं प्लास्टिकच्या बुडबुड्यांच्या कागदाची अख्खी गुंडाळी नेली. अप्पांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, एक बुडबुडा चिमटीत धरून फोडला. मग दुसरा. मग बराच वेळ ते तेच करत बसले. शेवटी म्हणाले, "करमणुकीला बरंय. पर जे सोताच फुटतंय ते दुसऱ्याला काय वाचीवणार?" आणि गुंडाळी कोपऱ्यात उभी करून ठेवली.

त्यांचं साहित्य वेगळं होतं. जुनी वर्तमानपत्रं, आईची एक विरलेली वाकळ, बाबांची धोतरं आणि पाच किलो मुरमुरे. मुरमुरे कशाला, असं विचारायची माझी छाती झाली नाही. आईनं विचारलं.

"सांदी भराया," अप्पा म्हणाले. "वजन न्हाई, दबत्यात, आन् पोचल्यावर फोडणी घालून खाता येत्यात. त्या प्लास्टिकची सुशीला करून खाल का?"

मग काम सुरू झालं. काम सुरू असताना कुणी बोलायचं नाही. बोललं की हात हलतो. खोक्याच्या तळाला वाकळीची घडी. तिच्यावर जड बरण्या, त्यांची झाकणं वेगळी गुंडाळून. बशा एकावर एक आडव्या रचायच्या नाहीत, वहीच्या पानांसारख्या उभ्या लावायच्या. "आडव्या बशीवर सगळ्यांचा भार येतोय. उभी बशी आपली आपुन उभी ऱ्हातीय." कपाच्या पोटात कागदाचा बोळा, कानाला वेगळी पट्टी, जसं दुखऱ्या बोटाला बांधतात तशी. मधल्या फटींतून मुरमुरे ओतायचे, खोकं हलकेच हलवायचं, कान लावून ऐकायचं. आतून काहीच ऐकू आलं नाही की अप्पा म्हणायचे, "साकू." साकू म्हणजे कानडीत पुरे. उदगीरकडचा तेवढा एक शब्द त्यांच्या तोंडात राहिला होता, आणि तो फक्त खोकं भरल्यावर निघायचा.

मधेच मी जांभई दिली, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की ती मी अर्ध्यात गिळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला. अप्पांनी ड्रायव्हरच्या हातात ती लग्नपत्रिका दिली.

"काका, ह्या रोडला वीस वर्षं चालवलालोय मी," ड्रायव्हर म्हणाला.

"तू चालवलालास रे. पर तुज्या गाडीत अक्काची बरणी कवा बसली व्हती का?"

ड्रायव्हरनं निमूटपणे पत्रिका समोरच्या काचेला लावली. अप्पांनी सातही खोकी एकदा हातानं चाचपली, "चला, निघा" म्हणाले आणि टेम्पो सुरू व्हायच्या आधीच आपल्या घरात जाऊन दार लावून घेतलं. आम्हा दोघींना घेऊन टेम्पो रेणापूर फाट्याला आला. तेव्हा आई म्हणाली, "दारात थांबले बी न्हाईत बग."

नांदेडला पोचल्यावर आईनं गुडघ्यांची पर्वा न करता त्याच संध्याकाळी सातही खोकी उघडली. एकही बरणी फुटली नव्हती. एकाही कपाचा कान गेला नव्हता. मुरमुऱ्यांतून बोटांनी चाळून चाळून मी शेवटचा चमचासुद्धा काढला. तिची चौथी बरणी मी ओट्यावर ठेवली तेव्हा माझ्या मनात आलं, यातली एक जरी फुटली असती, तर आई परत गल्लीत जाणार होती, आणि हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं.

पुढचे आठ दिवस आमच्याकडे नाश्त्याला त्या मुरमुऱ्यांची सुशीला होती. माझा नवरा विलास पाचव्या दिवशी म्हणाला, "यांनी फ्रिज बांधला नाही ते बरं झालं."

आम्ही पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी अप्पांचा फोन आला होता. फोनवर ते फार मोठ्यानं बोलतात, त्यामुळं मला स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं.

"अक्का, खोकी उघडली का?"

"पाच उघडली," आई म्हणाली. "दोन ऱ्हायलीत."

मी चमकून बघितलं. सात रिकाम्या खोक्यांपैकी सहा मी सकाळीच भंगारवाल्याला दिली होती, फक्त एक वाळवणासाठी म्हणून ठेवलं होतं. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आई, खोटं कशाला बोललीस?"

"समदी उघडली म्हनलं, तर उद्या काय इच्यारतील ते?"

मग रोज संध्याकाळी फोन यायला लागला. खोक्याची चौकशी व्हायची, मग गल्लीतल्या पाण्याची, आईच्या गुडघ्याची, मग परत खोक्याची. आई ती उरलेली दोन खोकी मोठ्या हुशारीनं पुरवून पुरवून वापरायची. दोनाचं एक व्हायला पंधरा दिवस लागले. त्या एकावर ती अडून बसली. "जागाच न्हाई हो मांडायला. ऱ्हाऊ द्या म्हनलं तसंच."

आणि एका रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात अप्पा. खांद्यावर पंचा, हातात पिशवी.

"म्हनलं, जागा न्हाई तर फळी मारून देतो," ते म्हणाले. "कुठाय ते खोकं?"

आई आतून म्हणाली, "बसा, पाणी घ्या आधी." वेळ काढायचा तो आवाज मी ओळखला. मी विलासला डोळ्यांनी खूण केली. त्यानं अप्पांना बाहेर बसवून रस्त्याचा विषय काढला, हे त्याचे माझ्यावर कायमचे उपकार आहेत. अप्पा अहमदपूरच्या पुढच्या कामाबद्दल सांगत होते, तेवढ्यात मी आणि आईनं आत ते वाळवणाचं खोकं ओढलं, फडताळातल्या, मोरीतल्या सगळ्या कपबश्या पेपरात गुंडाळून त्यात कोंबल्या, वरून टॉवेल टाकला आणि सुतळी बांधली. आईला धाप लागली होती. मला हसू येत होतं.

अप्पांनी खोक्यासमोर मांडी घातली. सुतळी सोडली. पहिलाच कप काढला, कागद उलगडला, आणि थांबले.

कप ओला होता. तळाला चहाची पत्ती चिकटलेली होती.

आई पदराच्या टोकाशी चाळा करत खाली बघत होती. अप्पांनी कप जरा वेळ हातात धरून ठेवला. मग खांद्यावरचा पंचा काढून आतून-बाहेरून नीट पुसला.

"ओलाच बांधला की मी," ते म्हणाले. "म्हातारपण, दुसरं काय."

त्यांनी एकेक करून सगळे कप काढले, पुसले, पुढ्यात मांडले. मला वाटलं आता ते फळीचं विचारतील. पण त्यांनी माझ्याकडे कोरडे कागद मागितले आणि सगळं परत बांधायला घेतलं, अगदी सावकाश, पहिल्यासारखं. जेवणाची वेळ झाली तरी त्यांचं चालूच होतं. आई त्यांच्या शेजारी पाटावर बसून कागद हातात देत होती. शेवटी त्यांनी सुतळीची गाठ मारली आणि खोकं दिवाणाखाली सरकवलं.

"अक्का, घाई करू नका," ते म्हणाले. "सवडीनं उघडा."

"घाई कशाची अप्पा," आई म्हणाली. "लई दिवस लागतील अजून."