मानाचा तुकडा

कोणताही समाज किती सुसंस्कृत आहे हे तो काय खातो यावरून ठरत नाही, तो काय खायचं सोडतो यावरून ठरतं. या कसोटीवर आमच्या कोपऱ्यावरच्या पिझ्झ्याच्या दुकानाइतकं सुसंस्कृत ठिकाण निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. (आणि मी बरंच पाहिलंय. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभाग मी सांभाळला, आणि निवृत्त होईपर्यंत एकही तक्रार विभागाबाहेर जाऊ दिली नाही.)

दुकान लहानसं आहे. पाच टेबलं, एक भट्टी, हात धुवायला एक नळ, आणि भिंतभर आरसा. जागा मोठी दिसावी म्हणून मालकाने तो लावला. जागा आहे तेवढीच दिसते, गर्दी मात्र दुप्पट दिसते. मालक धिप्पाड, दाढीवाला, आणि मनाने लोण्याहून मऊ. पीठ तोच मळतो, भट्टीसमोर तोच उभा राहतो, गरम पिझ्झा टेबलावर आणून आपल्या हाताने कापतो. चवीबद्दल मी लिहिणार नाही. लिहिलं की मला त्रास होतो.

पिझ्झ्याचे तुकडे आठ. त्यातले सात खाल्ले जातात. आठवा उरतो, त्याला मानाचा तुकडा म्हणतात. म्हणजे आधी मी म्हणालो, आता सगळेच म्हणतात.

इथे कुणी अडाणी माणूस विचारील की टेबलावर चौघं असली तर प्रत्येकी दोन, उरला कसा? हा हिशेब शाळेत ठीक आहे. प्रत्यक्षात चौथ्या माणसाचा दुसरा तुकडा ताटलीत एकटा पडतो, आणि एकटा पडल्याक्षणी तो त्या माणसाचा राहत नाही. तो सर्वांचा होतो, म्हणजेच कुणाचाही नाही. मग जो तो म्हणतो, "माझं झालं बाबा, तू घे." एकट्याने येणाऱ्या गिऱ्हाइकांचंही मी निरीक्षण केलंय. त्यांतले नव्वद टक्के लोक आठवा तुकडा ठेवतात, कारण समोर आरसा आहे. उरलेले दहा टक्के म्हणजे समोरच्या व्यायामशाळेतला शिक्षक. त्याच्याशी कुणी फारसं बोलत नाही.

इथवर हे कुठल्याही दुकानात घडेल. आमच्या दुकानाचं मोठेपण पुढे आहे. ताटलीत काही उरलं असेल तर आमचा मालक ती ताटली उचलत नाही. बांधूनही देत नाही. (गरम खायची वस्तू डब्यात मरते, असं त्याचं मत आहे, आणि ते चूक आहे असं मला वाटत नाही.) बरं, तसंच उठून निघावं, तर हा पिठाचे हात पुसत दारात येतो आणि एवढंच विचारतो, "काय चुकलं हो माझं?"

भांडून विचारलं असतं तर आपणही दोन शब्द सुनावले असते. हा डोळ्यांत पाणी आणून विचारतो. एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे भरलेले बघवत नाहीत हो! माणूस गडबडून म्हणतो, "छे छे, तुमचं कुठे काय, जरा बसतो अजून." आणि येऊन बसतो. तुकडा समोर असतो. कुणी तो खात नाही. म्हणून कुणी उठत नाही.

भीड भिकेची बहीण, असं आपल्यात म्हणतात. म्हणणाऱ्याला भीड नव्हती हे उघडच आहे.

दोन नंबरच्या टेबलावर निवृत्त पोस्टमास्तर, त्यांची पत्नी आणि त्यांचा विवाहित मुलगा बसलेले असतात. आले तेव्हा मुलगा अविवाहित होता. सून तीन नंबरच्या टेबलावरची मिळाली, त्यामुळे जाण्यायेण्याचा प्रश्न आला नाही. चार नंबरवर दोन मैत्रिणी आहेत. त्यांचं आपसांत पटेनासं होऊनही आता बराच काळ लोटला, पण तुकडा सामाईक आहे.

अनुभवातून काही संकेत आपोआप पडत गेले. टेबलावर घरातलं एक तरी माणूस कायम असलं की बाकीच्यांनी नोकरी, आंघोळ आणि झोप यांपुरतं जाऊन यायला हरकत नाही. मात्र निघताना "येतो" म्हणायचं. "जातो" म्हटलं की मालकाचे डोळे भरतात. रोज सकाळ-संध्याकाळ मालक ताटलीतला शिळा तुकडा काढून तिथे ताजा, गरम तुकडा ठेवतो. यावर एका नव्या गिऱ्हाइकाने शंका काढली, की मग हा तोच तुकडा कसा? मी त्याला समजावलं की साहेब बदलतात, खुर्ची तीच राहते. त्याला पटलं. तो सध्या एक नंबरवर आहे.

आता माझ्या भाचीकडे येतो, कारण माझा जीव तिच्यात आहे आणि ही हकीकतही तिचीच आहे.

भाची चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांना नीट दिसतंय की नाही हे तपासते. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मुलाशी तिने लग्न ठरवलं. मुलगा हसतमुख, कामाचा, चिकट मुळीच नाही. दोघांनी एका गच्चीवरच्या दोन खोल्याही बघून ठेवल्या. घरमालकीण म्हणाली, "लग्न करून महिनाअखेरपर्यंत आलात तर तुमच्या, नाहीतर दुसऱ्यांच्या." राहिला होता फक्त मोठ्यांचा होकार. त्यासाठी दोन्ही घरांनी भेटायचं ठरलं, आणि जागा मी सुचवली. एकमेकांच्या घरी गेलं की पडदे बघितले जातात. पिझ्झ्याच्या दुकानात तसं काही नसतं.

आमच्याकडून भाची, माझी ताई, भावजी आणि मी. त्यांच्याकडून मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. आत्या म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. मुलाला लहानाचा मोठा त्यांनीच केला. आम्ही पाच नंबरच्या टेबलावर बसलो. माणसं सात, तुकडे आठ. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

गप्पा झकास झाल्या. भावजी आणि मुलाचे वडील एकाच गुडघ्याचे रोगी निघाले. सगळं जुळत आलं आणि आत्याबाईंनी ताटली ताईकडे सरकवली.

"घ्या ना. तुम्ही काहीच खाल्लं नाहीत."

"अगंबाई, नको हो! पोट तुडुंब भरलंय. तुम्हीच घ्या ना," म्हणत ताईने ताटली परत सरकवली.

"मी संध्याकाळचं फारसं खात नाही."

"मी तर सकाळचंही."

भावजींचा हात ताटलीकडे निघाला होता. टेबलाखालून ताईचा पाय लागला आणि हात वाटेतच मिठाच्या बरणीकडे वळला. त्यांनी उगाचच मीठ घेतलं आणि कशावर घालावं ते न सुचून खाल्लं.

घोडं इथे अडलं. आम्ही तुकडा घ्यावा, तर मुलगी हावरट घरातली ठरते. त्यांनी घ्यावा, तर पहिल्याच भेटीत ओरबाडलं असं होतं. मुलगा बिचारा म्हणाला, "याचे सात भाग करूया का?" त्यावर आत्याबाईंनी शांतपणे विचारलं, "आणि सातवा भाग कोण घेणार?" मला त्या बाईचा मनस्वी राग आला आणि तितकाच आदरही वाटला. तोडीस तोड माणूस भेटायला नशीब लागतं.

मग आम्ही बसलो. बैठक संपल्याशिवाय होकार देता येत नाही, आणि ताटली उचलल्याशिवाय बैठक संपत नाही. अर्ध्या बैठकीतला होकार पुढे कुणी मानत नाही, हे मी कार्यालयातच शिकलो होतो. दोन्हीकडून पाळ्या लागल्या. सकाळी मी आणि मुलाचे वडील, दुपारी ताई आणि आत्याबाई, संध्याकाळी सगळेच. पोस्टमास्तरांनी आमचं स्वागत केलं आणि आरशात ऊन कुठल्या वेळी डोळ्यांवर येतं ते समजावून सांगितलं.

महिना सरत आला. एक दिवस भाची कामावरून तडक आली आणि माझ्यासमोर बसली.

"मामा, तू खा ना तो."

"मी?"

"तूच. तुला आवडतो. तू दिवसभर त्याच्याकडे टक लावून बघतोस. मालककाकांनी सांगितलं मला."

तुकड्यावरचं चीज अजून बुडबुडत होतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ते गिळून मी म्हणालो, "बाळा, प्रश्न आवडीचा नाही."

"मग कशाचा आहे?"

"आपल्या घराचा मान आहे काहीतरी."

"मामा, परवा त्या खोल्या दुसऱ्या कुणाला तरी जातील. तू मला सायकल शिकवलीस ना? तेव्हा पडू देणार नाही म्हणाला होतास. आत्ता एक घास खा माझ्यासाठी. मी तुझ्याकडे दुसरं काही मागणार नाही."

हिला सायकल शिकवताना मी रस्ताभर सीट धरून धावलो होतो. हिच्यासाठी मी काय करणार नाही? मी हात पुढे केला. पुढे केलाच! तेवढ्यात समोरून आत्याबाईंनी मान हलवली, फार प्रेमाने, आणि म्हणाल्या, "घ्या हो, घ्या. भूक लागली असेल तुम्हाला."

मी हात मागे घेतला.

भाचीने माझ्याकडे बघितलं. समोरची पाटी वाचायला सांगितली आणि माणूस पाटी सोडून भिंत वाचायला लागला, की ती ज्या नजरेने बघत असेल, तसं. मग ती उठली. मुलगाही उठला. ती मोठ्याने म्हणाली, "जातो आम्ही."

सगळ्या टेबलांवरची कुजबुज बंद पडली. मालक हात पुसत दारात आला, डोळे भरलेलेच होते. "काय चुकलं हो माझं?"

"तुमचं काही चुकलं नाही काका," भाची म्हणाली. "पिझ्झा फार छान होता. चुकलं यांचं." आणि दोघं निघून गेली. मालक बाजूला झाला, इतकंच नव्हे तर त्याने दार धरलं. हे असं उत्तर देता येतं, हे पोस्टमास्तरांसकट कुणालाच सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नोंदणी कार्यालयात लग्न केलं. (नोटीस त्यांनी लग्न ठरवलं तेव्हाच देऊन ठेवली होती.) बोलावणं आम्हाला होतं. ताई साडी नेसून तयार बसली होती, आत्याबाईही. आत्याबाई म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या ना, मी बसते इथे." ताई म्हणाली, "छे, असं कसं? तुम्ही वाढवलंत त्याला, आधी तुम्ही." "नाही हो, मुलीची आई तुम्ही." "पण मान तुमचा." असं करता करता कार्यालय बंद झालं. आमच्याकडून साक्षीदार म्हणून व्यायामशाळेचा शिक्षक गेला होता. तेवढाच मोकळा होता.

ताई रडली. आत्याबाईंनी आरशाकडे तोंड फिरवलं, पण आरशात सगळं दिसतं. मीही रडलो असतो. मोठ्यांदा रडावंसं वाटत होतं. पण आधी त्यांच्याकडच्या पुरुषांनी रडावं, अशी माझी अपेक्षा होती.

परवा दोघं आली होती. खोल्या मिळाल्या, गच्चीवर दोरी बांधली, वगैरे सांगत होती. पाचही टेबलं भरलेली, म्हणून भट्टीजवळ उभ्यानेच पिझ्झा खाल्ला. सात तुकडे संपले. सगळं दुकान श्वास रोखून बघत होतं. भाचीने आठवा उचलला, बोलता बोलता खाल्ला आणि बोटं चाटली. नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही! तो हसत होता. मालकाने ती रिकामी ताटली हातात घेतली आणि ती ठेवायची कुठे हेच त्याला आठवेना. नुसता दाढीतून हसत उभा राहिला.

जाताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "येते मामा."

ती गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "वळण नाही हो आजकालच्या मुलांना." ताई म्हणाली, "अगदी माझ्या मनातलं बोललात." दोन्ही घरांचं हे पहिलं एकमत. त्यावर होकारही देऊन टाकावा असं आम्ही ठरवलं आहे, बैठक संपली की.

आता तुमचं. इतका वेळ तुम्ही हे वाचताय आणि मनात म्हणताय की काय ही माणसं, एवढासा तो तुकडा, खाऊन टाकायचा आणि मोकळं व्हायचं. अगदी बरोबर आहे. आम्हालाही कधीपासून बाहेरचा, समंजस, भिडेत न अडकणारा माणूस हवाच होता. या, खुर्ची ओढा. ही बघा, ताटली तुमच्याकडे सरकवली. आत्ताच भट्टीतून आलाय, कडा मस्त फुगल्यात. घ्या. अहो, घ्या हो, संकोच कसला त्यात? सगळे तुमच्याकडेच बघतायत.

काय म्हणालात? आत्ताच जेवून आलात?

आत्याबाई, जरा सरकता का? यांना बसू द्या.