नळाचा दिनविशेष

सोसायटीच्या फाटकावरच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहायचं काम बन्सीरावांनी आपणच आपल्यावर सोपवलं होतं. ग्रामसेवक म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांचं ऐकणारा एक खडूच उरला होता. पेपरातल्या लढाया, तह, जयंत्या, सगळं फळ्यावर यायचं. लोक फळ्याखाली स्कूटर लावायचे. बन्सीराव त्यालाच वाचकवर्ग समजायचे.

दिवाळीच्या सुट्टीमुळे एके दिवशी पेपर आला नाही. फळा कोरा ठेवणं जिवावर आलं. मग त्यांनी सोसायटीचाच खरा इतिहास लिहिला : ‘आजच्या दिवशी आपल्या नळाला पहिल्यांदा पाणी आलं. सन १९९८.’

आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या वस्तीत ‘आज’ आणि ‘पाणी’ दिसल्यावर पुढचं वाचायला थांबतो कोण? घरोघरी शिळं पाणी ओतायला सुरुवात झाली. गोधड्या भिजल्या, जिने धुतले, मोटारी न्हाल्या. दुपारी टाक्यांत ठणठणाट आणि नळ कोरडे.

चेअरमन आप्पासाहेब डोक्याला फासलेली शिकेकाई तशीच घेऊन आले. “बन्सीराव, पाणी कुठंय?”

“अठ्ठ्याण्णव साली आलं होतं. खाली सन लिहिलाय.”

“तुमचं कुणी कधी खालपर्यंत वाचलंय का? संध्याकाळी मीटिंग. फळा काढायचा.”

घरात मनकर्णाबाई रिकाम्या माठाशेजारी बसल्या होत्या.

“तूसुद्धा?” बन्सीरावांनी विचारलं.

“नवऱ्याच्या अक्षरावर इश्वास ठिवला. चुकलंच.”

“माझा तर कधीच नव्हता,” बन्सीराव म्हणाले. “पण लोकांनी वाचलं, हे काय कमी झालं?”

संध्याकाळी फळा काढायचा ठराव मांडला जात असतानाच नळ गुरगुरले आणि धो धो वाहू लागले. मागोमाग पाणी सोडणारा कडुबा मोटारसायकलवर आला.

“सकाळधरनं फोनवर फोन. जो तो म्हणतो, आज आमची पाळी हाय, फळ्यावर लिवलंय. मला वाटलं, मीच इसरलो. सोडलं मग.”

ठराव तिथंच टाकून सगळे बादल्यांकडं पळाले.

दुसऱ्या दिवशी बन्सीराव एका तहासाठी फळा पुसायला गेले, तर आप्पासाहेब आडवे आले.

“पुसायचं नाय.”

“अहो, आज तारीख बदलली.”

“मग तारीख बदला. इतिहास त्योच ऱ्हाऊ द्या.”

बन्सीरावांनी तारीख बदलली, आणि सन स्वतःच पुसून टाकला.