अजिंक्य ज्युनियर संघाचा संक्षिप्त इतिहास

मनिलातल्या एका मॉलच्या चौथ्या मजल्यावर, बुटांचं दुकान आणि तळलेल्या माशांच्या गोळ्यांचा ठेला यांच्या मधोमध राष्ट्रीय ज्युनियर आइस हॉकी संघाचं बर्फाचं मैदान आहे. वाढदिवसाच्या पार्ट्यांमधून बर्फ रिकामा मिळाला, तर संघ तिथे सराव करतो. सप्टेंबर उजाडला की फिलिपिन्समध्ये नाताळाचा हंगाम सुरू होतो, बर्फावर प्लॅस्टिकचे हिममानव ठाण मांडतात आणि संघ पार्किंगमध्ये चाकांच्या बुटांवर येतो.

कर्णधार आणि गोलकीपर गनी डिमायुगा याला नोव्हेंबरात वीस वर्षं पूर्ण होणार होती. वीस झाली की ज्युनियर संघाचं दार बंद. ऑक्टोबरात बँकॉकला स्पर्धा होती. संघाची पहिली आणि गनीची शेवटची. कुवेतमध्ये परक्यांची मुलं सांभाळणाऱ्या त्याच्या आईनं त्यासाठी खोक्यातून साबण, डबाबंद मांस आणि गोलकीपरचे कोरे पॅड धाडले होते.

त्याच सुमारास महासंघानं संघाचा अधिकृत इतिहास छापला. स्थापनेपासून संघ एकही सामना हरलेला नाही, असं त्यात नमूद होतं. ते खरंच होतं, कारण संघ एकही सामना खेळलेला नव्हता. पादचारी पुलांवर फ्लेक्स लागले: ‘अजिंक्य वीरांचे हार्दिक अभिनंदन.’ त्यावर महासंघाच्या अध्यक्षांचा हसरा चेहरा होता आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा संघ. हे अध्यक्ष पूर्वी महापौर होते. पुढे दोन निवडणुकांत आपटले, तरी लोक त्यांना मेयरच म्हणत.

विमानाची तिकिटं आली, तशी मेयरांनी कोच आणि कर्णधाराला बोलावून घेतलं.

“बँकॉकला हरलात तर?”

“हरलो तर हरलो, मेयर,” कोच रेमिहियो म्हणाले. “पोरं शिकतील.”

“आणि इतिहास? तो छापून झालाय.”

“आम्ही जिंकूसुद्धा शकतो की,” गनी म्हणाला.

“जिंकून काय होशील, बाळा? अजिंक्यच ना? ते तू आत्ताही आहेस. मग उगाच कशाला जोखीम?”

रागानं गनीचे कान तापले, पण चूक कुठे आहे ते त्याला बोट ठेवून दाखवता येईना. संघाचा विक्रम हा राष्ट्रीय ठेवा असल्याने त्यास सामन्यांपासून संरक्षण देण्यात येत आहे, असा ठराव महासंघानं केला. तिकिटं वाया जाऊ नयेत म्हणून पदाधिकारी सहकुटुंब बँकॉकला गेले आणि तेही न हरता परतले. मग एका दक्ष सदस्यानं हरकत घेतली की सरावात संघ दोन गटांत खेळतो व त्यातला एक गट हरतो, म्हणजे संघ हरतोच. सरावही बंद झाला.

नोव्हेंबरात गनीचा अजिंक्य कर्णधार म्हणून निरोप समारंभ झाला. गल्लीत फ्लेक्स लागला, दीर्घायुष्यासाठी लांब शेवया शिजल्या, शेजाऱ्यांनी त्याच्यासोबत फोटो काढले. कुवेतहून आईचा व्हिडिओ कॉल आला.

“पॅड झिजले असतील ना रे?”

“नाही आई. कोरे आहेत.”

“म्हणजे तुझ्यापर्यंत कुणाची पोचायची हिंमतच झाली नाही,” ती म्हणाली आणि डोळे तिनं तळहातानं पुसले. गनीनं मान डोलावली. तिला खरं सांगायचं धैर्य त्याच्यात नव्हतं.

गल्लीत एवढी माणसं जेवून गेली, पण सामने किती झाले हे एकानंही विचारलं नाही. भोळी माणसं, असं तुम्हाला वाटत असेल. तुमच्या चौकातल्या फ्लेक्सवर आज कुणाचं अभिनंदन चाललंय? त्यानं नेमकं काय केलंय? रोज त्याच्याच सावलीत उभे राहता, म्हणून आपलं विचारलं.