निंबाआप्पा आणि पाणी पिणारी साखर

निंबाआप्पाच्या खिशात तपकिरीची डबी असायची, पण त्याने आयुष्यात कधी तपकीर ओढली नाही. डबीत साखरेसारखे पांढरे दाणे असत. समोर पाणी आलं की त्याची बोटं डबीकडे जात.

सुरतेजवळ उधन्याला आमच्या एका कामगाराच्या लग्नात पंगत बसली होती. नवरदेवाच्या मामांनी पाण्याला हात लावायच्या आत ग्लास आप्पाने उचलला. त्यात दाणे टाकले, डोळे मिटून काहीतरी मोजलं आणि ग्लास सरळ मामांच्या टोपीवर उपडा धरला. बायका किंचाळल्या. पण एक थेंब पडला नाही. पाण्याचा घट्ट गोळा होऊन तो ग्लासाला धरून बसला होता.

"तापीनं पानी शे," आप्पा खूश होऊन म्हणाला. "गोडं शे! खारं ऱ्हातं तर मामा न्हायेले असते."

सगळी पंगत हसली. मामांनी त्याला बोलावून शेजारी बसवलं, फोटोग्राफरला हाक मारली. मी समोरच जिलेबी खात होतो. मला कुणी फोटोत बोलावलं नाही. मी एम.एस्सी. आहे, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

आप्पा साधा बी.एस्सी. पारोळ्याकडचा. सचिनच्या औद्योगिक वसाहतीत साड्यांच्या छपाईसाठी लागणारा घट्ट गोंद बनवणारी आमची फॅक्टरी. तिथे तो मशीनवर लागला आणि पुढे लॅबमध्ये आला. मी परभणीहून थेट लॅबमध्ये, खुर्चीवर आलो. तरी शेठ पाहुण्यांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगत, "आ आपणा निंबाभाई, सायंटिस्ट छे." आणि माझ्याकडे पाहून, "ने आ जाधवभाई, एम.एस्सी. छे." हा 'ने', म्हणजे 'आणि', मला फार लागायचा.

ते दाणे म्हणजे आमच्या गोंदाचेच चुलतभाऊ. आपल्या वजनाच्या शंभर-दोनशे पट पाणी पिऊन फुगायचे. परदेशात ते बाळांच्या लंगोटात वापरतात असं ऐकून शेठना धंदा दिसला होता. आप्पाला मात्र लंगोटात रस नव्हता. "पोराले काय, दुसरा लंगोट भेटस. झाडले कोन पानी देई?" मुळाशी मूठभर दाणे घातले तर एकदा घातलेलं पाणी झाड किती दिवस पुरवून पिईल, एवढा एकच प्रश्न त्याला होता.

त्यासाठी तो जगभरच्या शास्त्रज्ञांना पत्रं लिहायचा. इंग्रजी मोडकं, पण अक्षर मोत्यासारखं. 'तुमचा लेख कृपया पाठवावा, गरजू आहे.' आणि ते पाठवायचे! कुठकुठल्या देशांची तिकिटं लावलेले जाड लिफाफे यायचे. शिपाई ते माझ्या टेबलावरून पुढे नेऊन आप्पाच्या टेबलावर ठेवायचा. मीही एकदा तशी चार पत्रं चोरून पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही. मी 'गरजू' लिहिलं नव्हतं.

डब्याच्या सुट्टीत तो ते लेख आम्हाला सांगायचा. "आधी सगळा बढाया मारेत, मना दाना पाचशे पट पेस, मना हजार पट. आते डोकं ठिकाणावर येई राहिनं भो! आते इचारतस, खाऱ्या पाण्यात किती पेस? वर माती दाबी तं किती पेस? पियेल पानी मुळीले देस का सोताच धरी बठस? आनि शेवट त्या दान्यानं काय व्हस, मातीत सडस की तसाच ऱ्हास?" तो स्वतः गवारीचा गम मिसळून दाणे करून पाहायचा, मातीत सडावेत म्हणून. बाकीचे जण लोणच्याची फोड चोखत मान हलवायचे. मी मनात त्याच्या इंग्रजी उच्चारांच्या चुका मोजायचो.

हे घरापर्यंत आलं नसतं, तर मी सहन केलं असतं. मे महिन्यात आम्ही आठवडाभर परभणीला गेलो. निघायच्या आदल्या दिवशी सुमनने, माझ्या बायकोने, आप्पाने दिलेले दाणे गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत घातले होते. परतलो तर कढीपत्ता हिरवागार. "बघा," ती म्हणाली, "शिकलेला माणूस असा उपयोगी पडतो." मी दोन दिवस कढीत कढीपत्ता घालू दिला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी शेठनी कृषी महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांना आप्पाचं काम बघायला बोलावलं. लॅब धुतली गेली, आप्पाने नवा शर्ट घातला. प्रयोगासाठी लागणारं डिस्टिल्ड पाणी भरून ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं.

मी काय केलं ते सांगतो. मी त्या कॅनमध्ये बोअरचं पाणी भरलं. आमच्याकडचं बोअरचं पाणी इतकं खारं की त्याने हात धुतले तरी साबणाला फेस येत नाही. त्यात दाणा पुरता फुगत नाही, बरंचसं पाणी मोकळंच राहतं.

प्राध्यापक टेबलाशी बसले. मांडीवर फाईल. आप्पाने दाणे टाकले, डोळे मिटून मोजलं, आणि ऐटीत ग्लास प्राध्यापकांच्या मांडीवर उपडा केला. पॅन्ट, फाईल, बूट, सगळं भिजलं. शेठच्या तोंडून "अरे राम" एवढंच निघालं. मी हसू लपवायला फडका शोधायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

आप्पाने कॅनमध्ये बोट बुडवून जिभेला लावलं. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पापणी लवेपर्यंत.

"चूक मनी शे," तो म्हणाला. "पानी मीच भरेल व्हतं."

प्राध्यापक रुमालाने फाईल पुसत होते. मला वाटलं, आता उठून जातील. पण ते हसायला लागले. "अहो, शेतकऱ्याच्या विहिरीत कुठे डिस्टिल्ड पाणी असतं? मला सगळे चांगल्या पाण्यातली जादू दाखवतात. खाऱ्या पाण्यात तुमचा दाणा काय करतो, ते दाखवा." आप्पाने त्यांना मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. तिथे त्याच्या साठ कुंड्या होत्या, सगळ्या बोअरच्याच पाण्यावर. ते दोन तास बाहेर आले नाहीत. आले ते आप्पाच्या खांद्यावर हात ठेवूनच. म्हणजे मी केलेल्या खोडीनेही त्याचंच भलं झालं. त्या रात्री मी जेवलो नाही. सुमनला पोट बिघडल्याचं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात आप्पा तापाने पडला. लॅबच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे राहिली होती, म्हणून शेठनी मला त्याच्या खोलीवर पाठवलं. खोली पांडेसऱ्यात, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. सात वर्षांत मी पहिल्यांदाच तिथे जात होतो. एक खाट, एक स्टोव्ह, लिफाफ्यांचा ढीग. आप्पा गोधडी घेऊन झोपला होता. उशाशी प्रयोगाची वही होती. कुठून तरी नक्कल केलेलं काही सापडेल या आशेने मी ती उघडली.

कुंडीचा नंबर, दाण्याचा प्रकार, किती पाणी, रोप कोणत्या दिवशी माना टाकतं, असे रकाने आखले होते. शेवटच्या रकान्यावर लिहिलं होतं, 'इंदू'. त्याखाली आकडे. दोन. दोन. तीन. एके ठिकाणी पाच, त्याला लाल गोल.

आता सापडला हा, मी मनात म्हणालो. "आप्पा, ही इंदू कोण?"

त्याने डोळे उघडले. वहीकडे पाहिलं, मग छताकडे.

"मनी बायको."

आप्पाला बायको आहे हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही विचारलं नव्हतं. ती गावाकडे असायची. मूलबाळ नाही. आधी आप्पाच्या आईच्या आजारपणात अडकली. आई गेल्यावर आता सुरतेला येईल म्हणून त्याने ही खोली घेतली. तोवर तिने घरामागच्या मुरमाड तुकड्यात पेरूची बत्तीस रोपं लावली होती. विहीर लांब, आणि रोज एकेका रोपाला तांब्याने पाणी. दुसऱ्या कुणाच्या हातावर तिचा भरवसा नाही.

"ती म्हनस, मानूसले सांगता येस, थांब म्हनून. झाडले कसं सांगू?" आप्पा म्हणाला. "मंग मी म्हन्तं, आपन झाडलेच थांबाडूत. झाड जेवढा दिन थांबी, तेवढा दिन इंदू आठे ऱ्हाई."

लाल गोलातला पाच मी पुन्हा पाहिला. तिच्या गावच्या विहिरीचं पाणीही खारंच, असं तो म्हणाला; म्हणूनच त्या साठ कुंड्या बोअरच्या पाण्यावर होत्या.

मला तिथे बसवेना. उशाजवळची किल्ली उचलून मी एकदाचं सांगून टाकलं, "आप्पा, त्या दिवशी कॅनमध्ये बोअरचं पाणी मी भरलं होतं. मुद्दाम."

"माले माहीत शे. आपलं बोअर मी जिभवर वळखस."

"मग बोलला का नाहीत?"

तो कुशीवर वळला. "आठे कोनी मना प्रयोगले हात बी लावत नही भो. तू बिघाडाले का व्हईना, पन हात तं लावला."

पावसाळ्याआधी आप्पा गावी जाऊन बत्तीस आळ्यांत दाणे घालून आला, आणि इंदूवहिनी भुसावळ-सुरत पॅसेंजरने आल्या. ठेंगणी, सावळी बाई. नऊवारीचा पदर डोक्यावर. पहिले दोन दिवस त्या बाहेर पडल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी आप्पाने त्यांना डुमसचा समुद्र दाखवला. चौथ्या दिवशी मी लॅबमध्ये विचारलं, "काय म्हणतात वहिनी?" जन्मभर बडबडलेला तो माणूस नुसता लाजला. आणि मला, रोज बायकोच्या हातचं गरम जेवणाऱ्या माणसाला, त्या लाजण्याचाही हेवा वाटला.

पाचव्या दिवशी दुपारी उधना स्टेशनवर मीही सोडायला गेलो. गाडी हलायच्या आत आप्पा पाण्याची बाटली भरायला नळाकडे पळाला, तेवढ्यात वहिनी खिडकीतून माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या.

"भाऊ, यासले कधीमधी घर जेवाले बलावा. एकला ऱ्हातस तं उभ्या उभ्या चहापाव खाई लेतस. मांगतीन मातर नही."

"हो वहिनी," मी म्हणालो. माझी मान वर होईना.

गाडी गेली. आप्पा फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. मी म्हणालो, "चला, आज आमच्याकडेच."

सुमनने ताटं वाढली. आप्पा खाली मान घालून जेवत होता. पहिली पोळी संपल्यावर त्याने दुसरी मागितली नाही. भाजीतच बोटं फिरवत बसला, जणू अजून जेवतोच आहे. मी सुमनच्या हातातून पोळ्यांचा डबा घेतला आणि त्याच्या ताटात दोन वाढल्या.

"एक पुरे व्हती," तो म्हणाला, आणि दोन्ही खाल्ल्या.