निम्म्या गेनच्या अपमानाची हकीकत

श्रीगजवदन रक्षो, आणि वाचणाराचे कान शाबूत ठेवो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, पौषमासी एका राज्यात जे जाहले ते लिहितो. हौसेने नव्हे, संतापाने.

राज्याचे धनी हैबतराव. त्यांच्या मातोश्री सगुणाबाईसाहेब बहुत थकल्या, आणि शेवटचे एकदा माहेर पाहावे ऐसे मनी घेतले. त्यांचे धाकटे बंधू अप्पासाहेब मागेच वारले होते, त्यांनी गाइलेले एक भजन तेवढे टेपात राहिले होते, ते माहेरची वेस दिसता ऐकावे, इतकीच इच्छा बोलिल्या. मग धन्यांनी मोटारीत नवे स्पीकर बसविले, आणि डिकीत ॲम्प्लिफायर ठेविला, आणि दस्तगीर मिस्त्री यांनी तेच भजन लावून ॲम्प्लिफायरची गेनची कळ हळूहळू चढविली, सूर फाटू लागला तेथून किंचित मागे घेतली, ती निम्म्यावर ठरली. मग अर्ज केला की, "ही आवाजाची कळ नव्हे, टेपाचा सूर किती उचलावा ते ठरविणारी आहे; फार चढविली तर सूर फाटून स्पीकर जळतील. मोठे ऐकावयाचे तर पुढे टेपावर करावे. हिला कोणी हात लावू नये."

ऐशास दरबारचा रिवाज असा की, धन्यांचे घरी माप शिगोशीग द्यावे, निम्मे देणे तो अपमान. कारभारी सटवाजीराव डिकी उघडोन पाहतात, तो कळ निम्मी. मग कडाडले, "धन्यांच्या मोटारीत निम्मी कळ? मिस्त्रीने अब्रू घालविली आमची." आणि स्वहस्ते कळ शेवटास नेली. काय म्हणावे या अकलेला! पंगतीत तूप वाढणे आणि गेन चढविणे एकच समजले, आणि विचारणे तर कमीपणाचे.

मग स्वारी निघाली, आणि वेस दिसली, आणि भजन लाविले. तो भजन कसले, पत्रा फाटावा तैसा खरखराट उठला, काचा थरथरल्या, आणि करपल्याचा वास येऊन स्पीकर बंद पडले. मातोश्रींनी कानांवरचे हात काढिले आणि मोटार माघारी फिरविण्यास सांगितले.

चौकशी जाहली. कारभाऱ्यांची निष्ठा थोर ठरून त्यांस शालजोडी मिळाली, आणि मिस्त्रीस बोल लागला. तरी मिस्त्री दुसरे स्पीकर घेऊन हजर जाहले, कळ पूर्ववत लाविली, आणि मातोश्रींस विनविले की, एकवार ऐकावे. मातोश्री बोलिल्या, "नको बाबा. आमचा अप्पा जन्मात कधी ओरडला नाही. आता त्याला आठवू गेले की तोच खरखराट ऐकू येतो."

तात्पर्य इतकेच की, धनी समर्थ, कारभारी इमानी, मोटार उत्तम, आणि एका म्हातारीच्या कानातून तिचा भाऊ गेला.