कादरभाईंचा तिसरा आकडा

भर मे महिन्यात आमच्या कादरभाईंना "काय उकडतंय" म्हटलं, की ते गंभीरपणे विचारायचे, "खोलीतलं म्हनता का आतलं?" आतलं म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचं. चंद्रपुरात उन्हाळ्याची बढाई मारणारे गल्लोगल्ली भेटतात. पण दोन्ही तापमानं तोंडपाठ असलेला माणूस मी एकच पाहिला.

कादरभाई कूलर बनवायचे. पत्रा कापायचे, वाळ्याच्या ताट्या बसवायचे. मी शेजारी राहणारा, शाळेत भूगोल शिकवणारा. तेवढ्यावरून त्यांनी मला तापमानाचा तज्ज्ञ नेमून टाकलं होतं.

कॉम्प्युटर त्यांनी स्वतः जोडला होता. सुटे भाग नागपूरहून आणलेले, स्क्रू मात्र कूलरचे. हा सगळा खटाटोप शबानासाठी. त्यांची ही एकुलती एक मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली आणि घरात कादरभाई एकटे उरले. रविवारी दुपारी चारला ती पडद्यावर दिसायची. पण उन्हाळा लागला आणि यंत्र बरोबर बाराव्या मिनिटाला बंद पडू लागलं. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून असं होतं, एवढं आम्हा दोघांनाही कळलं होतं.

"याले हवा पाहिजे," असं ठरवून कादरभाईंनी कॉम्प्युटरच्या डब्याचं बाजूचं झाकण काढलं आणि समोर आपल्या हातचा कूलर लावला. मी घाबरून पाण्याबद्दल विचारलं.

"पानी नाई टाकलं, मास्तर. मी येडा आहो काय?"

पुढच्या रविवारी यंत्र नवव्याच मिनिटाला गेलं.

मग त्यांनी तापमान दाखवणारा एक प्रोग्राम मिळवला. पडद्यावर तीन आकडे आले. कुठला कशाचा, काही लिहिलेलं नाही. पहिला होता एकोणचाळीस. मी म्हणालो, "हा बघा, थंड तर आहे."

कादरभाईंनी भिंतीवरच्या तापमापीकडे बोट दाखवलं. तिथे बेचाळीस. "खोलीत बेचाळीस अन् आत एकोनचाळीस? हवेनं थंड होनारी वस्तू हवेपेक्षा थंड कशी होईन? तुमी पोराइले हेच शिकवता काय?"

माझा भूगोल तिथेच आडवा झाला.

"हा आकडा खोटा बोलून राह्यला," असं म्हणून त्यांनी एक सिनेमा लावला आणि सिनेमा सोडून आकडेच पाहत बसले. पहिला जागचा हलला नाही. दुसरा दोनने सरकला. तिसरा मात्र साठावरून सत्तर, पंचाहत्तर, एक्क्याऐंशी. मीसुद्धा खुर्चीच्या टोकाला आलो होतो. कादरभाईंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा खाली आला.

"सापडला, मास्तर. जो काम करते तोच तापते. हाच प्रोसेसर."

लगेच यंत्र बंद करून त्यांनी प्रोसेसरवरचा पंखा सोडवला. खाली ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीचा आणि वाळ्याच्या काड्यांचा घट्ट थर बसला होता. धूळ जुनी होती. काड्या त्यांच्याच कूलरने फुंकलेल्या. कादरभाई एवढेसे झाले. "माह्याच हातानं याचा गळा दाबला," म्हणाले आणि रंगाच्या ब्रशने एकेक फट साफ करत बसले.

रविवारी मला हुकूम झाला, "तुमी आकडा पाहा, मी पोरीले पाहतो."

शबाना दिसली. काय रांधलं, सासूचा गुडघा कसा आहे, तिकडे पाणी येतं का, सगळं नेहमीच्या घाईत उरकलं. तिसरा आकडा त्रेसष्ट, सहासष्ट, अडुसष्ट. बारावं मिनिट गेलं. आकडा अडुसष्टवर थांबला, आणि मी आनंदाने विजयाची दोन बोटं वर केली.

पण कादरभाईंकडे विचारायला काही उरलंच नव्हतं. उन्हाळा लागल्यापासून इथवर आलं की यंत्र बंद पडायचं आणि बापलेक दोघंही सुटायचे. आता बाप मुलीकडे आणि मुलगी बापाकडे नुसती बघत राहिली. मला वाटलं, उठून जावं; पण आकडा पाहायचा हुकूम होता.

"बेटा," कादरभाई हळूच म्हणाले, "तू गई तबसे घर में मन नई लगता."

शबानाने ओढणी तोंडाला लावली. यंत्र चालूच होतं.

"मेरा भी नई लगता, अब्बा," ती म्हणाली.